कोणत्या संगीताला कोणता हेडफोन?

हेडफोन घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बास कसा आहे?" प्रश्न चुकीचा नाही, अर्धवट आहे. कोणता बास? डग्ग्याचा घुमारा, जॅझमधल्या उभ्या डबल बासची बोटानं छेडलेली तार, मेटलमधला दोन पायांनी वाजणारा किक ड्रम आणि नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातला पोटात जाणवणारा दणका, या सगळ्यालाच आपण बास म्हणतो. पण प्रत्येकाची जागा वेगळी. एकाला खुलवणारा हेडफोन दुसऱ्याचा पार चिखल करून टाकतो.

म्हणून आधी त्या जागा पाहू.

तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. हर्ट्झ हे कंप्रतेचं, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांचं माप. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झला वाजते आणि सगळ्यात वरची ४,१८६ हर्ट्झला. म्हणजे ज्याला आपण सूर म्हणतो ते जवळपास सगळं ४,००० च्या आतच संपतं. त्याच्या वर असतात उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर), झांजांची सळसळ, 'स' आणि 'श' यांचे फुत्कार. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला, साध्या गिटारची ८२ ला आणि व्हायोलिनची १९६ ला. व्हायोलिनचं एकल वादन ऐकणाऱ्याला ३० हर्ट्झला जबरदस्त असलेल्या हेडफोनचा काहीच उपयोग नाही. त्या भागात त्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्याचं काही नसतंच.

ढोबळ वाटणी अशी लक्षात ठेवा. २० ते ६० हर्ट्झ म्हणजे थरथर, जी ऐकू येण्यापेक्षा जाणवते. ६० ते १२० म्हणजे ठोक्याचं वजन. १२० ते ३०० मध्ये आवाजाचा भरीवपणा आहे आणि गढूळपणाही इथूनच येतो. ३०० ते १,००० हा गळ्याचा आणि बहुतेक वाद्यांचा गाभा. १,००० ते ४,००० मध्ये स्पष्टपणा, शब्द, आघात. कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो इथेच. ५,००० ते ९,००० हा टोचणारा पट्टा. १०,००० च्या वर मोकळेपणाची भावना देणारं बारीक बारीक काहीतरी, जे वय वाढतं तसं आपल्याला कमीच ऐकू येत जातं.

यात एक गंमत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि एका टोकाला बंद असलेल्या कुठल्याही नळीप्रमाणे ती एका ठरावीक कंप्रतेला घुमते. ती कंप्रता ३,००० हर्ट्झच्या आसपास येते. समोरच्या स्पीकरचा आवाज कानात शिरताना तिथे आपोआप चांगलाच वाढतो, आणि मेंदूला हाच आवाज 'सरळ' वाटतो. हेडफोन मात्र कानाला चिकटलेला असल्यानं हा नैसर्गिक उठाव बिघडतो, त्यामुळे तो हेडफोनमध्येच मुद्दाम घडवावा लागतो. हा उठाव कमी पडला तर गायक खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून गातोय असं वाटतं. जास्त झाला तर तो कानात ओरडतो. साधारण २०१३ पासून हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर चाचण्या करून बहुतेकांना आवडणारी एक वक्ररेषा मांडली. तिच्यात ३,००० जवळ उठाव आहे आणि १०० हर्ट्झच्या खाली थोडा चढ आहे. हेडफोनच्या मोजमापांत 'हर्मन टार्गेट' हा शब्द दिसला की तो याबद्दलच असतो.

जे बदलता येतं आणि जे येत नाही

निवडीचं सगळं गणित इथे सोपं होतं. हेडफोनचा स्वरतोल, म्हणजे कुठे उठाव आणि कुठे खड्डा, हा इक्वलायझरनं, म्हणजे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं, बराचसा बदलता येतो. रचना बदलता येत नाही. कप उघडा आहे की बंद, कानावर नीट बसतो की फटी राहतात, तासाभरानं डोकं दुखतं की नाही, जोरात वाजवल्यावर पडदा फाटल्यासारखा करतो की नाही, यावर कुठल्याही अ‍ॅपमध्ये इलाज नाही. म्हणून आपल्या संगीताला रचना कोणती लागते ते आधी ठरवावं. स्वरतोल जमेल तितका जवळचा घ्यावा आणि उरलेलं दुरुस्त करावं. बाजारात लोक नेमकं उलटं करतात. दोन मिनिटं ऐकून बासावर भाळतात आणि घरी आल्यावर कान गरम होतात म्हणून तो हेडफोन कपाटात जातो.

रचना मुख्यत्वे तीन. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पडद्यामागे जाळी असते. मागे जाणारा आवाज कपात अडकून परत आदळत नाही, त्यामुळे आवाज मोकळा आणि सहज वाटतो, कान तापत नाहीत. अशा रचनेची सुरुवात सेनहायझरच्या एचडी ४१४ या १९६८ च्या मॉडेलनं झाली. तोटा उघड आहे. बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर. शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचं गाणं ऐकावंच लागतं. दुसरा तोटा कमी बोलला जातो: उघड्या पाठीच्या साध्या, डायनॅमिक ड्रायव्हरच्या (ड्रायव्हर म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा भाग) हेडफोनचा बास ५०-६० हर्ट्झच्या खाली घसरत जातो. प्लेनर जातीच्या ड्रायव्हरमध्ये चपटा, पातळ पडदा चुंबकांच्या मध्ये एकसारखा हलतो, त्यामुळे उघडी पाठ असूनही बास बराच खालपर्यंत सरळ राहतो. पण ते वजनदार असतात. चारशे ग्रॅमच्या पुढचा हेडफोन दोन तास घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

बंद पाठीचे हेडफोन आवाज आत कोंडतात. त्यामुळे बास खोल मिळू शकतो, पण कपाच्या भिंतींवरून परतणारा आवाज कधी कधी १५०-३०० हर्ट्झच्या पट्ट्यात डबा वाजल्यासारखा ऐकू येतो. तिसरे इन-इअर. त्यांचा ड्रायव्हर सहा-दहा मिलिमीटरचा, तरी मोठ्या हेडफोनला लाजवेल असा बास देतो. कारण त्याला फक्त कानाच्या नळीतली चिमूटभर हवा हलवायची असते आणि ती चारी बाजूंनी बंद असते. '५० एमएम ड्रायव्हर' बघून बासाचा अंदाज बांधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

तंबोरा, गळा, तबला

रागसंगीतापासून सुरुवात करू, कारण हेडफोनची परीक्षा इथे सर्वांत कडक होते आणि डब्यावरच्या जाहिराती याबद्दल सर्वांत गप्प असतात.

पुरुष गायक काळी एकमध्ये गातो असं धरा. मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. पण तंबोऱ्याचा जीव त्या मूळ स्वरात नाही, जवारीत आहे. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्यामुळे तार घोडीला ओझरती घासते आणि उपस्वरांचा मोठा पसारा उभा राहतो. तो हजार हर्ट्झच्या पुढे दूरवर जातो आणि सतत रूप बदलत राहतो. चांगल्या हेडफोनवर आलाप चालू असताना गळ्याच्या मागे ही जवारी एकेका तारेनिशी फिरताना ऐकू येते: पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. २,००० ते ५,००० मध्ये खड्डा असलेल्या हेडफोनवर तिचा नुसता पंख्यासारखा गुंगुं आवाज होतो. उलट ६,००० ला सुळका असेल तर तीच जवारी पत्र्यासारखी वाजते.

तबल्याची परीक्षा दोन टोकांना होते. दायाँ सुरात लागतो, कारण त्यावरची शाई. चामड्याच्या साध्या पडद्याचे उपस्वर बेसूर असतात. शाईच्या वजनामुळे ते एका सुरेल ओळीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं. हे उपस्वर स्वच्छ ऐकू आले की 'ना' आणि 'तीं' यांतला फरक डोळे मिटून कळतो. डग्गा दुसऱ्या टोकाला. मनगटाच्या दाबानं त्याचा स्वर खालून वर सरकतो, ती मींड खालच्या पट्ट्यात घडते. हेडफोनचा १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगवलेला असेल तर ही मींड एका जागी चिकटून बसते. प्रत्येक 'घे' एकाच सुरात 'धुप्प' वाजतो. बास 'भरपूर' असूनही तबला मेलेला वाटतो, त्याचं कारण हे.

म्हणून या संगीताला बास वाढवलेला नको, सरळ हवा. पाठ उघडी असलेली बरी, कारण एक राग तासभर चालतो आणि बंद कपात कान घामेजतात. सेनहायझरचा १९९७ पासूनचा एचडी ६०० गळ्याच्या आवाजासाठी इतकी वर्षं नावाजला जातो तो मधल्या पट्ट्याच्या सरळपणामुळे. अगदी खालचा बास त्यात कमी आहे, आणि रागसंगीतात त्याची उणीव फारशी भासत नाही. बासरी आणि सारंगी ऐकणाऱ्यांनी २,५०० ते ४,००० च्या भागाकडे जास्त लक्ष द्यावं. तिथे उठाव जास्त झाला तर सारंगीचा गज कानावर ओढल्यासारखा होतो.

भावगीत, गझल, जुनी चित्रपटगीतं यांचं पारडंही गळ्याकडेच झुकतं, पण त्यात शब्द महत्त्वाचे. परीक्षा सोपी आहे. 'स', 'श', 'छ' भरपूर असलेलं एखादं गाणं लावा. प्रत्येक 'स'ला डोळे किंचित मिटले जात असतील तर ६,००० ते ८,००० मध्ये सुळका आहे. पहिल्या पाच मिनिटांत तो 'किती स्पष्ट!' वाटतो आणि अर्ध्या तासानं नकोसा होतो.

फार जुन्या तबकड्यांचा मामला वेगळा. १९२५ च्या आधीची ध्वनिमुद्रणं कर्ण्यात गाऊन केलेली. विजेच्या मायक्रोफोनची पद्धत त्या वर्षापासून रुळली. कर्ण्याच्या काळातल्या रेकॉर्डमध्ये वरच्या कंप्रता जवळपास नाहीतच. तिथे जे वाजतं ते लाखेच्या तबकडीवर सुई घासल्याची खरखर. अशा संग्रहासाठी महागडा, तपशील उकरणारा हेडफोन घेणं म्हणजे खरखर विकत घेणं. वरचा पट्टा मवाळ असलेला हेडफोन घ्यावा, ५,०००-६,००० च्या वर पाच-सहा डेसिबल उतरवावं आणि आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, करावा. दोन्ही कानांतली खरखर वेगवेगळी असते. मोनो केल्यावर ती काही प्रमाणात एकमेकींना खाते.

हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक

इथे मात्र खालचा भाग लागतोच. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनचा किक लांबवून त्याचीच बासलाइन करायची, ही पद्धत आज या संगीताचा कणा आहे. तो आवाज ५० हर्ट्झच्या आसपास फिरतो, अनेकदा त्याच्याही खाली जातो. उघड्या पाठीच्या साध्या हेडफोनवर त्या बासलाइनमधले खालचे स्वर चक्क गळतात. सूर चालू असताना दोन पायऱ्या गायब.

'बास हेडफोन' दोन जातींचे असतात आणि त्यांतला फरक कळणं म्हणजे निम्मी खरेदी झाली. एकात चढ २० ते १०० हर्ट्झमध्ये असतो आणि १५०-२०० पर्यंत तो संपतो. असा बास दणका देतो पण गायकाच्या वाटेत येत नाही. दुसऱ्यात फुगवटा १०० ते ३०० मध्ये असतो. स्वस्त हेडफोनमध्ये हाच जास्त सापडतो, कारण तो भाग वाजवायला सोपा आणि दुकानातल्या गोंगाटातही तो लगेच उठून दिसतो. त्यावर रॅपचे शब्द उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखे येतात. ओळखायची रीत अशी: आधी नुसत्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, पुरुषाच्या आवाजातलं, ऐका. माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटलं तर तो दुसऱ्या जातीचा हेडफोन.

या संगीताला बंद पाठ किंवा इन-इअर. मात्र इन-इअरचा सगळा बास कानातल्या बोळ्यावर, म्हणजे इअरटिपवर अवलंबून असतो. टिप सैल असेल तर हवा निसटते आणि आधी खालचा पट्टा जातो. लोक मग इअरफोनला 'बास नाही' म्हणून नावं ठेवतात. दुसऱ्या बाजूच्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, टिप आत सरकवा, पाळी सोडा. ४० हर्ट्झचा सूर लावून इअरफोन बोटानं हलकेच दाबा. दाबल्यावर बास वाढला तर टिप गळतेय, एक माप मोठं लावा. दोन्ही कानांना वेगवेगळी मापं लागणं अगदी सामान्य आहे. मोठ्या हेडफोनमध्ये हीच गळती चष्म्याच्या काड्या करतात; पातळ काडी आणि मऊ, जाड गादी असेल तर कमी, जाड काडी आणि कडक गादी असेल तर बरीच.

रॉक, मेटल

गिटार हे मधल्या पट्ट्याचं वाद्य आहे, ही गोष्ट रॉक ऐकणारेच विसरतात. खाली दणका, वर चमक आणि मध्ये खड्डा अशा 'व्ही' आकाराच्या हेडफोनवर रॉक दहा मिनिटं झकास लागतो. मग लक्षात येतं की गिटार आणि गायक दोघेही ढोलाच्या मागे लपलेत. ग्रॅडोच्या एसआर८० सारख्या हेडफोनना रॉकवाल्यांची पसंती मिळते ती उलट्या कारणानं: त्यांत वरचा मधला भाग पुढे आणलेला असतो, गिटारची धार तोंडासमोर येते. पण आजकालची बरीच रॉक आणि मेटल रेकॉर्डिंगं कॉम्प्रेशननं दाबून सतत मोठ्या पातळीवर ठेवलेली असतात. त्यात ही धार भर घालते आणि कान लवकर थकतो. जुन्या, मोकळ्या रेकॉर्डिंगना धारदार हेडफोन, नव्या दाबलेल्यांना थोडा मवाळ.

मेटलमधल्या दुहेरी किकचं गणित बघण्यासारखं आहे. मिनिटाला २०० ठोक्यांची लय असेल आणि प्रत्येक ठोक्यात चार किक, तर दोन किकमध्ये ७५ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झच्या एका लाटेला जवळजवळ १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पुढचा किक येईपर्यंत साडेचार लाटाच होतात. हेडफोनचा बास घुमत राहणारा असेल तर आधीचा किक विरायच्या आत पुढचा येऊन आदळतो आणि सगळ्याची मिळून एक घरघर होते. इथे बास कमी पण आटोपशीर हवा. आणि किकचा 'टक' हा आघात २,००० ते ५,००० मध्ये असतो, तो शाबूत हवा. प्लेनर हेडफोन या कामात चांगले निघतात.

जॅझ आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाबद्दल थोडक्यात. दोन्हीला उघडी पाठ आणि शांत खोली. वाद्यवृंदात हळू आणि मोठ्या भागांमधलं अंतर ५० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतं. प्रवासात ऐकलं तर हळू भाग रस्त्याच्या आवाजात बुडतो, म्हणून तुम्ही आवाज वाढवता, आणि मग पितळी वाद्यं एकदम कानावर कोसळतात. प्रवासातच ऐकायचं असेल तर नॉइज कॅन्सलिंग घ्या, पण त्याची मर्यादा ओळखून: साधारण १,००० हर्ट्झच्या खालची, सतत चालणारी घरघर ते छान घालवतं, शेजाऱ्याच्या गप्पा फारशा नाही. जॅझची अडचण वेगळी. स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या आणि सुरुवातीच्या अनेक रेकॉर्डिंगमध्ये ड्रम पूर्ण एका बाजूला, सॅक्सोफोन पूर्ण दुसऱ्या बाजूला ठेवले गेले. स्पीकरवर ते खपतं, कारण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही मिळतो. हेडफोनवर मात्र डोकं मधोमध चिरल्यासारखं होतं. हेडफोन बदलून हे जात नाही. प्लेअरमध्ये 'क्रॉसफीड' चालू करा. ते एका बाजूचा थोडा आवाज, वरचा पट्टा कमी करून आणि अगदी किंचित उशिरानं, दुसऱ्या कानात सोडतं.

फोनला झेपेल का

चुकीचा हेडफोन घेतला अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा हेडफोन बरोबर असतो, त्याला वीज पुरत नसते. डब्यावर दोन आकडे असतात: इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ओहममध्ये; आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज, डेसिबलमध्ये. दुसरा आकडा एका मिलिवॉटला मोजलाय की एका व्होल्टला, हे न पाहता तुलना केली की फसगत होते. समजा दोन हेडफोन आहेत, दोघांवर 'एका मिलिवॉटला १०० डेसिबल' असं लिहिलंय, पण एक ३२ ओहमचा आणि दुसरा ३०० चा. एक व्होल्ट दिला तर पहिल्याला ३१ मिलिवॉट मिळतात आणि आवाज ११५ डेसिबल होतो. दुसऱ्याला जेमतेम ३.३ मिलिवॉट, म्हणून १०५. डब्यावर आकडा तोच, प्रत्यक्षात १० डेसिबलचा फरक, जो कानाला साधारण दुप्पट-निम्म्यासारखा जाणवतो. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो. फोनसाठी २५० चा उचलून आणणं ही नेहमीची चूक.

याच्या उलटी चूक इन-इअरवाल्यांची. खूप संवेदनशील इअरफोन ताकदवान अ‍ॅम्पला (अॅम्प्लिफायरला) जोडला तर गाणं नसतानाही सूं असा आवाज येतो. शिवाय अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा; १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. तो जास्त असेल तर अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा स्वरतोलच बदलतो.

ब्लूटूथमध्ये अ‍ॅम्प आतच असतो, त्यामुळे ही डोकेदुखी नाही. तिथल्या अडचणी दोन. कॉल किंवा कुठल्याही अ‍ॅपनं माइक चालू केला की जोडणी बोलण्याच्या पद्धतीवर उतरते आणि गाणं टेलिफोनवरून आल्यासारखं होतं. कॉम्प्युटरवर आवाज अचानक बिघडला तर आधी हेच तपासा. दुसरी म्हणजे उशीर. शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर गाणं ऐकताना कळत नाही, पण रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबल्याबरोबर गाताना सम हुकते. वाजवण्यासाठी, रेकॉर्डिंगसाठी तारेचाच हेडफोन, तोही बंद पाठीचा, नाहीतर ठेका माइकमध्ये शिरतो.

तपासायचं कसं

दोन हेडफोनची तुलना करताना जो एखादा डेसिबल मोठा असतो तोच चांगला वाटतो. कान इथे हमखास फसतो. पुठ्ठ्याला मध्ये छोटं भोक पाडा, कप त्यावर दाबून ठेवा, भोकाशी फोनचा माइक धरा, पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा एकत्र सळसळाट) वाजवा आणि आवाज मोजण्याच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही हेडफोन एका डेसिबलच्या आत आणा. अ‍ॅपचा आकडा खरा नसला तरी चालतो, तुलनेपुरता पुरतो. मग ओळखीची चार गाणी: एक नुसता गळा, एक खूप खाली जाणारा बास, एक झांजांचं, एक गर्दीचं. प्रत्येक निदान तीन मिनिटं. आणि तुम्ही रात्री हळू आवाजात ऐकणारे असाल तर तपासही हळू आवाजातच करा. आवाज कमी झाला की कानाला बास जास्तच कमी ऐकू येतो. मोठ्यानं सरळ वाटणारा हेडफोन हळू आवाजात किरटा होतो.

गायक मधोमध न येता सगळीकडे पसरलेला आणि बास गायब असेल, तर एका बाजूच्या तारा उलट्या जोडलेल्या असू शकतात. केबल बदलून बघा.

इक्वलायझर लावताना एकच नियम पाळा: वाढवण्याआधी खाली जागा करा. १०५ हर्ट्झच्या खाली लो-शेल्फनं (ठरावीक कंप्रतेखालचा सगळा भाग एकत्र हलवणाऱ्या फिल्टरनं) ५ डेसिबल वाढवलं तर प्रीअ‍ॅम्प (म्हणजे एकूण पातळी) उणे ५ वर न्या, नाहीतर मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो आणि दोष हेडफोनवर येतो. टोचणारा सुळका शोधायचा तर अगदी हळू आवाजात ४,००० पासून १०,००० पर्यंत सरकणारा सूर ऐका. जिथे तो अचानक उसळतो तिथे उणे ३ डेसिबल, क्यू (बदल किती अरुंद पट्ट्यात, तो आकडा) साधारण ३. एवढंच. दहा पट्ट्या खालीवर करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा हे दोन बदल बहुतेक संगीताला पुरतात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट यांत हे करता येतं. उघड्या पाठीच्या साध्या हेडफोनला ३० हर्ट्झला १० डेसिबल वाढवून क्लबचा दणका काढायला मात्र जाऊ नका. पडदा झेपेल त्याहून जास्त हलतो आणि फडफडतो.

आवाजाची पातळी सगळ्यांना सारखीच लागू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. गोंगाटात उघडा हेडफोन वापरणारा नकळत याच्या वर जातो, म्हणून प्रवासात बंद किंवा इन-इअर.

आणि दोन-तीन वर्षांनी ओळखीचा हेडफोन कर्कश वाटायला लागला, बासही उतरला, तर नवा शोधण्याआधी त्याच्या कानाच्या गाद्या दाबून बघा. फोम बसला की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, चामड्याला भेगा पडल्या की हवा गळते, आणि दोन्हींचा परिणाम आवाजातच ऐकू येतो. गाद्या बहुतेक मॉडेलच्या सुट्या मिळतात. त्याच मॉडेलच्या मूळ गाद्या घ्या, कारण जाडी दोन मिलिमीटरनं किंवा कापड चामड्याऐवजी मखमली झालं तरी स्वरतोल हलतो, आणि मग आधी जमवलेला इक्वलायझर पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो.